साडेतेरा अंश

महापालिकेचा रस्ता नाकासमोर मावळतीला जातो
आणि मक्का त्याच्या उजव्या हाताला,
साडेतेरा अंश.
एवढ्याशा फरकानं
माझा सगळा नकाशा कुशीवर वळलाय.

कमिटीत सात जण.
दस्तगीरभाई मणेरांनी मोबाईल टेबलावर सरकवला :
दुबईची, इस्तंबूलची, कुठली कुठली,
पांढरीशुभ्र, चार मिनार, वर घुमट.
"असं काहीतरी. आयर्विन पुलावरून दिसलं पाहिजे."
मी म्हटलं, पुलावरून आपल्याला आधी पाणी दिसतं.
कुणी हसलं नाही.
एकोणीसचा ऑगस्ट सगळ्यांच्याच भिंतीवर आहे,
रंग दिला तरी वर येतो.

म्हणून दालन वरच्या मजल्यावर, खाली नुसते खांब.
श्रेयांस चौगुले, माझा स्ट्रक्चरल इंजिनिअर,
काळ्या मातीचं ढेकूळ फोडत म्हणाला,
ही जमीन उन्हाळ्यात तोंड उघडते आणि पावसात फुगते,
हिच्यावर भरवसा ठेवायचा तर मुरूम लागेपर्यंत खाली जायला हवं.
जाऊ, म्हटलं.

अब्बा हळदीच्या पेठेत तोलार होते.
छत्तीस वर्षं.
संध्याकाळी घरी यायचे ते पापण्यांपर्यंत पिवळे.
जुम्म्याला धुतलेला सदरा घालायचे, तरी
सज्द्यात कपाळ टेकलं की
चटईवर पिवळा ठिपका उरायचा.
तिसरी रांग, खिडकीकडून पाचवी जागा.
झाडणाऱ्यालाही ठाऊक, इथं तोलार बसतो.
मला त्यांनी एकच गोष्ट शिकवली :
काटा आधी रिकामा तोलायचा.
रिकामा असताना खोटा, तो भरल्यावर खरा कसा होईल?

तर मी दालन रिकामं तोलतेय.
तीन हजार माणसं, माणशी दोन बाय चार फूट,
हा हिशोब शाळकरी पोरगंही करेल.
अवघड आहे ती मंगळवारची दुपार,
आत एकटा म्हातारा, एक पंखा,
आणि त्याच्या गुडघ्याचा कट्ट आवाज.
तो आवाज छतापर्यंत जाऊन
किती उशिरानं त्याच्याकडे परत यावा,
हे मी तीन रात्री मोजतेय.

असरला ऊन थेट डोळ्यांत शिरेल,
म्हणून किब्ल्याची भिंत दुहेरी, विटांची,
मधे हातभर पोकळी.
उजेडानं आधी तिथं थांबावं, मग आत यावं.

बायका कुठं, हे कुणी विचारलं नाही.
मी लहानपणी दाराबाहेर चपला राखत बसायचे,
सगळ्यांच्या टाचा मला पाठ होत्या.
त्यामुळे विचारायची वाट न बघता काढून टाकलं :
तोच मजला, तोच उजेड, स्वतःचा जिना.
नकाशा सात जणांत फिरला.
चहा आला, कपांवर साय धरली.
शेवटी दस्तगीरभाई चष्मा पुसत म्हणाले,
"जिना जरा रुंद कर.
आमच्या घरी गुडघ्यांचा त्रास आहे."
मी दीड फूट वाढवला,
आणि पुढचं पान उलटायला हात थोडा थरथरला.

रस्ता आणि किब्ला यांच्या भांडणात
पुढं एक तिकोनी तुकडा उरलाय.
खजिनदार म्हणतात, सहा गाळे निघतील.
मी तिथं होडी काढली आहे. एक, लाकडी,
दोर खांबाला बांधलेला.
वरच्या जिन्यापर्यंत येईल असं पाणी
पुन्हा केव्हातरी येणारच,
तेव्हा कुणाला उतरवून घ्यायचं
हे होडी विचारत नाही.
गाळ्यांचं आणि होडीचं अजून मिटलेलं नाही.
घुमटाचंही नाही.

काल श्रेयांसनं चौथ्या शीटवर बोट ठेवलं.
तिसरी रांग, खिडकीकडून पाचवी जागा,
पिवळ्या पेन्सिलीचा ठिपका.
"इथं कॉलम येतोय का?"
नाही, म्हटलं.
तेवढं मोकळं सोड.